सगळे सारखेच ढिले

माझ्या नवऱ्याला दोन कान आहेत, पण ते चष्मा अडकवण्यापुरते. इंजिनातलं त्यांना काही ऐकू येत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते, त्यामुळे मागे चहाडी करते असं कोणी म्हणू नये. टायर, ब्रेक, बॅटरी, चिडलेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजून थंड करणं, यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. पण चालू इंजिनाजवळ नुसतं उभं राहून दुखणं कुठे आहे ते सांगणारी माणसं आमच्या गॅरेजात दोनच. एक माझे सासरे, अप्पा. दुसरी मी.

मी काही या घरात पाना घेऊन आले नव्हते. दुपारी डबा द्यायला जायचे आणि अप्पांचं जेवण होईपर्यंत तिथेच ताटकळायचे. एकदा शेजारी शेजारी दोन गाड्या चालू होत्या. अप्पांनी गंमत म्हणून विचारलं की या दोघींच्या आवाजात काही फरक वाटतो का. मी म्हटलं, ही नीट श्वास घेतेय आणि ती दमेकऱ्यासारखी. अप्पांनी हातातला घास तसाच डब्यात ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून मी तिथे कामाला लागले. सासूबाई तेव्हा होत्या. घरात काळ्या हातांची दोन माणसं होती ती पुरेशी नव्हती का, असं त्या आठवडाभर पुटपुटत होत्या. मग त्यांनीच माझे केस इंजिनात जाऊ नयेत म्हणून मला डोक्याला बांधायचा रुमाल शिवून दिला.

आता टॅपेटबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. इंजिनाच्या डोक्यावर व्हॉल्व्ह असतात आणि त्यांना वरून दाबून उघडणाऱ्या छोट्या दांड्या असतात, त्यांनाच आम्ही टॅपेट म्हणतो. दांडी आणि व्हॉल्व्ह यांच्यात थोडी फट ठेवावी लागते, जाड कागदाएवढी. फट जास्त झाली की दांडी व्हॉल्व्हवर आपटते आणि टिकटिक वाजते. कमी झाली की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. ही फट मोजायला पोलादी पत्त्यांचं एक गेज येतं. सगळं जग ते वापरतं. अप्पांनी मात्र आयुष्यात ते हातात धरलं नाही. ते इंजिन चालूच ठेवायचे, वरचं झाकण काढायचे, आणि फट कमीजास्त करणारा एकेक स्क्रू ढिला करत न्यायचे. टिकटिक सुरू झाली की उलट कसायला लागायचे. आवाज जिथे मरेल तिथे थांबायचे, मग केसभर मागे. झालं. तेलाचे शिंतोडे अंगभर उडायचे. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या छातीवर न जाणारे डाग होते, आणि ते धुताना मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल ते देवालाच ठाऊक. पण नंतर मी गुपचूप गेज घालून बघायचे. पत्ती अशी बरोब्बर सरकायची की मुकाट्याने झाकण लावून टाकावं.

सासूबाई गेल्यावर अप्पांना त्या कामाखेरीज दुसरं काही उरलं नाही. हे मी रडवेलं होऊन सांगत नाही, आहे ते सांगते. ते सकाळी आमच्या आधी गॅरेजात हजर असायचे. सुट्टीच्या दिवशी घरात असे फिरायचे की काहीतरी हरवलंय आणि काय ते आठवत नाही. नातीशी तेवढे खेळायचे. माझी मुलगी, आम्ही तिला पिटुकली म्हणतो, आवाजाने अगदी चिमणी आहे आणि बोलायची थांबत नाही. ती आजोबांच्या मांडीवर चढून काहीबाही मागायची आणि अप्पा मान डोलवत म्हणायचे, "हो हो, उद्या." तो उद्या काही उगवायचा नाही. पिटुकली माझ्याकडे येऊन फणकारायची की आजोबा खोटारडे आहेत. मी तिलाच दटावायचे. आजोबांनी नातीला हो हो म्हणायचं नाही तर काय करायचं!

एक गोष्ट अप्पांनी मला फार पूर्वी सांगून ठेवली होती. ते ज्यांच्या हाताखाली शिकले त्या उस्तादांची नजर म्हातारपणी गेली. चेल्यांनी ते लपवलं. उस्ताद काम करून घरी गेले की मागून सगळे मिळून ते सुधारायचे आणि सकाळी वा वा करायचे. एक दिवस उस्तादांना कळलं. अप्पा म्हणाले, डोळे गेल्याचं त्यांना इतकं लागलं नाही, सगळ्यांना माहीत होतं याचं लागलं. ते त्यानंतर चेल्यांपैकी कोणाशीच बोलले नाहीत.

"माझ्या बाबतीत हे नाटक करायचं नाही," ते मला म्हणाले होते. "चुकलो तर त्याच दिवशी सांगायचं. मी पाना खाली ठेवीन."

मी हो म्हटलं. तेव्हा म्हणायला काय जात होतं? ते चुकत नव्हते.

मग टेलरबाईंची गाडी आली. टेलरबाई म्हणजे आमच्याच रस्त्यावर कपडे शिवतात त्या. त्यांच्या नवऱ्याची जुनी गाडी तो गेल्यापासून तशीच उभी होती. ती विकायची नाही, चालवायची, असं त्यांनी ठरवलं आणि अप्पांना गळ घातली. अप्पांनी ते इंजिन पार मोकळं केलं आणि पहिल्या नटापासून नवीन बांधलं. माझी आई आजारी होती म्हणून नेमकी शेवटच्या दिवसांत मी माहेरी होते. मी परत आले तेव्हा गाडी गेलेली होती आणि अप्पा खुशीत होते.

ती खुशी फार टिकली नाही. एका सकाळी टेलरबाई गाडी घेऊन दारात. म्हणाल्या, आतून टिकटिक येते. माझ्या मशीनची सुई जरा वाकडी झाली तरी मला पुढच्या टाक्याला कळतं, तेव्हा मला भास होतो असं म्हणू नका, आवाज आहे.

मला तो बाई गाडीतून उतरायच्या आधीच ऐकू आला होता. रस्त्यावरून.

अप्पा आले. त्यांनी त्यांचा लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. ते असेच ऐकायचे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता कपाळावर आठी येईल, आता बोट दाखवतील. काही नाही. डोळे उघडून ते शांतपणे म्हणाले की इंजिन उत्तम आहे. टेलरबाई म्हणाल्या, अहो अप्पा, हे काय वाजतंय मग! अप्पांचा पारा चढला. नवीन बांधलेलं इंजिन आहे, त्याला रुळायला वेळ लागतो, दिवसभर शिलाई मशीनवर बसून तुमच्याच कानात टिकटिक बसली असेल, असं बरंच बोलले. टेलरबाईंचं तोंड एवढंसं झालं. दुपारी येते म्हणून त्या चालत निघून गेल्या. अप्पाही लेथवाल्याकडे दुसऱ्या एका इंजिनाचं हेड घासून आणायला गेले, आणि जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आमचे हे कंप्रेसर बंद करून माझ्याजवळ आले. म्हणाले, मला आवाज इंजिन बांधून पहिल्यांदा चालू केलं तेव्हापासून येतोय. मी उडालेच. ज्यांना कान नाही असं मी सगळ्या गावाला सांगते त्यांना येतोय! मग बोलला का नाहीत, म्हटलं. तर म्हणे, मला वाटलं मलाच काही कळत नाही. अप्पांना ऐकू येत नाही आणि मला येतं, हे खरं कसं असेल? थोड्या वेळाने हळूच म्हणाले की आता त्यांना घरी बसवू या, टीव्ही केवढ्याने लावतात ते तू बघतेस ना. मी त्यांना झापलं. आधी दुखणं काय ते कळू दे, मग माणसाला घरी बसवा, म्हटलं.

मी मन लावून शोधायला घेतलं. मला काहीही चाललं असतं, फक्त अप्पांची चूक नको होती. आधी सायलेन्सरकडचं पॅकिंग बघितलं. ते फुटलं असेल तर गार इंजिन टिकटिकतं आणि तापल्यावर गप्प होतं. मी वाट पाहिली. तापलं तरी वाजतच राहिलं. मग एकेका प्लगची वायर काढून बघितली. खाली पिस्टन किंवा बेअरिंगमध्ये बिघाड असेल तर वायर काढली की आवाज बदलतो. बदलला नाही. तेवढा जीव भांड्यात पडला, कारण खालचं काही असतं तर सगळं इंजिन पुन्हा उतरवावं लागलं असतं. म्हणजे वरचंच, टॅपेटचं. मनात म्हटलं, एखाद्या स्क्रूवरचा नट ढिला झाला असेल. एखादा नट कोणाचाही होतो. देवा, एकच निघू दे.

मी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून झाकणावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. एक नट असता तर एका जागी जोरात आणि बाकीकडे कमी असा वाजला असता. तो सगळीकडे तेवढाच वाजत होता.

इंजिन निवल्यावर झाकण काढलं आणि गेज घेतलं. पहिल्या व्हॉल्व्हला नेहमीची पत्ती घातली तर ती आत सैल फिरली. जाडी वाढवत गेले तेव्हा कुठे एक पत्ती नीट बसली. तीच पत्ती मी दुसऱ्याला घातली. बसली. तिसऱ्याला, चौथ्याला. मी शेवटपर्यंत गेले. सगळे ढिले, आणि सगळे सारखेच ढिले. एकात केसाचा फरक नाही.

मी तिथेच फेंडरला टेकून उभी राहिले. निष्काळजी माणसाचं काम असं नसतं. त्याचा एक ढिला, एक घट्ट, एक चुकून बरोबर असतो. हात थरथरणाऱ्याचंही असं नसतं. इतकं सारखं काम अप्पांच्या हाताखेरीज कोणाचं नाही. त्यांनी प्रत्येक स्क्रू आवाज मरेपर्यंत कसला होता आणि आवाज मेला तिथे थांबले होते. फक्त त्यांच्यासाठी तो फार लवकर मेला होता. बारीक टिकटिक त्यांना ऐकू येतच नव्हती. हात होता तसाच होता. कान गेला होता.

मला रडू आलं. आलं ते आलं, काळ्या हाताने डोळे पुसले आणि तोंड आणखी काळं करून घेतलं. हे लांबून बघत होते पण जवळ आले नाहीत, ते एक बरं केलं.

मग मी काय केलं ते ऐका. पत्ती घालून सगळे टॅपेट नीट लावले, झाकण बसवलं, इंजिन चालू केलं. गप्प. मी ह्यांना बजावलं की अप्पांना यातलं अक्षर कळता कामा नये. फार तर एखादा नट सुटला होता म्हणून सांगू. ह्यांनी विचारलं, आणि पुढच्या इंजिनाचं काय? मी म्हटलं, पुढचंही मीच मागून बघीन, त्याच्या पुढचंही बघीन. उस्तादांची गोष्ट मला आठवत नव्हती असं नाही. आठवत होती. पण सकाळी गॅरेजात न येणारे अप्पा मला डोळ्यांसमोर आणताच येईनात. ते घरातल्या खुर्चीत बसून वाळून गेले असते.

अप्पा लेथवाल्याकडून परतले आणि त्यांच्या पाठोपाठ टेलरबाई. मी बाईंना बाजूला घेऊन सांगणार होते, पण तेवढी उसंतच मिळाली नाही. अप्पांचा राग उतरलेला होता. सकाळी जास्त बोलल्याबद्दल त्यांना वाईट वाटत असावं, कारण ते स्वतःच म्हणाले की चला, तुमच्यासमोर पुन्हा एकदा ऐकतो. मी इंजिन चालू केलं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. सकाळपेक्षा जास्त वेळ, जास्त मन लावून ऐकलं. मग हसून म्हणाले,

"बघा. सकाळी आवाज होता तसाच आहे. तिळाचा फरक नाही."

मी अप्पांच्या पाठीमागून टेलरबाईंना हात हलवून खुणावलं, की गप्प बसा, काही बोलू नका. पण त्या बिचाऱ्या इंजिनाकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा फुलला होता.

"अहो फरक नाही कसा, अप्पा? सकाळी केवढं वाजत होतं! आता बघा, अगदी गप्प झालंय. आमच्या ह्यांच्या वेळी असंच चालायचं हो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याची गाडी पुन्हा तशी झाली याच्या आनंदात त्या होत्या, त्यांना काय माहीत आपण काय बोललो. अप्पांचं हसू जागच्या जागी राहिलं. त्यांनी मान वळवली आणि माझा हवेत राहिलेला हात बघितला. मग टेबलावर उघडं पडलेलं गेज बघितलं.

टेलरबाई गाडी घेऊन गेल्या. त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत अप्पा गाडीकडे बघत उभे होते. हेही जॅकचा दांडा उगाच पुसत उभे राहिले.

"कुठला होता?" अप्पांनी विचारलं.

मी म्हटलं, एक नट सुटला होता, तिसऱ्याचा.

"पोरी," ते म्हणाले. नुसतं तेवढंच. माझ्याच्याने पुढे खोटं बोलवलं नाही.

"सगळे होते, अप्पा."

"किती ढिले?"

"सगळे सारखेच. एकात केसाचा फरक नव्हता."

त्यांना समजवायची गरज नव्हती. ज्या गोष्टीला मला फेंडरला टेकून उभं राहावं लागलं ती त्यांना ऐकल्याबरोबर कळली. ते स्टुलावर बसले. "सगळे सारखे," असं एकदा स्वतःशीच म्हणाले, आणि दोन्ही तळहात वर करून बघत राहिले. मला तेव्हा त्यांच्याकडे बघवेना. मी म्हटलं, अप्पा, गेज वापरू ना, सगळं जग वापरतं. त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. मग उठून साबणाने हात धुतले, नखांच्या कडा, मनगटं, कोपरापर्यंत. इतके स्वच्छ हात मी त्यांचे सासूबाईंच्या अंत्यविधीच्या दिवशी पाहिले होते.

घरी जाताना रस्त्यात मी म्हटलं, माझं चुकलं, मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. ते म्हणाले की तू आज शोधलंस आणि आजच सांगितलंस, म्हणजे शब्द पाळलास. मी सांगणार नव्हते, हे त्यांना नीट माहीत होतं. तरी तसं म्हणाले.

घरी आल्यावर ते खुर्चीत बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. पिटुकली धावत आली, मांडीवर चढली, त्यांचा कान धरून नेहमीसारखी काहीतरी किणकिणली. अप्पांचं तोंड "हो हो" साठी उघडलं. ते शब्द आलेच होते. मग त्यांनी ओठ मिटले आणि माझ्याकडे बघितलं.

"मला हिचं बोलणं ऐकू येत नाही गं," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले. तुमचं येतं, हिचं नाही. ओठ हलताना दिसतात, हसते तेव्हा मीही हसतो. वाटायचं, घरातलं नाही तर नाही, इंजिन तर ऐकू येतंय."

ते सगळे उद्या, ती सगळी हो हो, आणि मी पोरीलाच दटावत होते. पिटुकली एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

"काय म्हणते ती?" अप्पांनी विचारलं. "मोठ्याने सांग. काय मागते ती माझ्याकडे रोज?"

मला ठाऊक होतं. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, ती रोज तेच तर मागायची. सांगू नये असं वाटलं, पण एका दिवसात दोनदा खोटं बोलायची ताकद माझ्यात नव्हती. मी मोठ्याने सांगितलं, इतक्या मोठ्याने की बाहेर चप्पल काढत असलेले हेही तिथेच थांबले.

"म्हणते, आजोबा, उद्या मला तुमच्याबरोबर गॅरेजला न्याल का? मला पण इंजिन ऐकायचंय."

अप्पांनी तिचं डोकं आपल्या छातीशी धरलं, त्या तेलाच्या डागांवर. बराच वेळ थोपटत राहिले.

"नाही गं बाळा," ते म्हणाले. "आता आईबरोबर जा."

आजवर त्यांनी तिला कधी नाही म्हटलं नव्हतं. तिला ते खरंच वाटेना. तिने मान वर करून त्यांचं तोंड बघितलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, तशाच बारीक आवाजात.